गणित मंडळ चालवताय? आधी वस्तू हातात द्या

शाळा सुरू झाल्या की पाचवी ते आठवीला गणित शिकवणाऱ्या शिक्षकांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. 'मुख्याध्यापकांनी गणित मंडळ सुरू करायला सांगितलंय, त्यात करायचं काय?' 'पहिल्या शनिवारी वर्ग भरला होता, चौथ्या शनिवारी पहिला बाकही भरला नाही, असं का होतं?' 'कोडी ढिगानं मिळतात, पण वर्गात चालत नाहीत, मग निवडायची कशी?' पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: 'यानं मार्क वाढतील का?'

मुलं का गळतात, ते आधी पाहू. बहुतेक मंडळांत फळ्यावर एक शाब्दिक कोडं लिहिलं जातं. पुढच्या बाकावरचे दोन हात वर जातात, उत्तर येतं, शाबासकी मिळते आणि पुढचं कोडं सुरू होतं. उरलेल्या मुलांच्या लेखी हा नेहमीचाच तास असतो, फक्त शाळा सुटायच्या वेळी घेतलेला. दोन-तीन आठवडे ती शिस्तीपोटी बसतात, मग बस चुकते, पोट दुखतं, घरी काम निघतं. तुमच्या मंडळाचं असं होत असेल तर कोडी अजून अवघड किंवा अजून सोपी करून उपयोग नाही. फळा बाजूला ठेवा आणि मुलांच्या हातात काहीतरी द्या.

कोडं निवडायची एकच कसोटी

आपलं उत्तर बरोबर आहे की चूक, हे मुलाला तुम्हाला न विचारता कळलं पाहिजे. एवढी एक गोष्ट धरून ठेवली तर निवड सोपी होते. कागद दुमडून ठोकळा झाला की झाला, नाही झाला तर नाही. डबे पलीकडे पोहोचले की पोहोचले. वही घेऊन 'बाई, बरोबर आहे का?' असं विचारत रांग लावावी लागत नाही. ज्या मुलाला वर्गात सतत 'चूक' ऐकायची सवय झाली आहे, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. वस्तू चूक दाखवते तेव्हा त्याचा अपमान होत नाही, ते पुन्हा करून बघतं.

साहित्य: दुकानात जाण्याआधी घरात बघा

- जुन्या लग्नपत्रिका. त्यांचा जाड कागद चौकोन, पट्ट्या आणि आकड्यांच्या चिठ्ठ्या कापायला उत्तम.
- चिंचोके, बाटल्यांची दोन रंगांची झाकणं.
- टूथपिक. काडेपेटीच्या काड्या वापरणार असाल तर गुल आधी तुम्ही स्वतः काढून टाका.
- सुके वाटाणे, रात्रभर भिजवलेले.
- एकात एक बसणारे डबे किंवा वाट्या, चौकटीच्या वहीचे कागद, गोल टोकाच्या कात्र्या.

एका संचामागे दोन मुलं बसवा. जास्तीत जास्त तीन. सहा जणांना एक संच दिला तर एकाचे हात चालतात आणि पाच जण बघतात, म्हणजे पुन्हा फळ्याचाच तास झाला. संच कमी असतील तर मंडळाच्या दोन तुकड्या करून आठवड्याआड बोलवा.

पहिला तास: सहा काड्या, चार त्रिकोण

सुरुवात याच कोड्याने करा. प्रत्येक जोडीला सहा टूथपिक द्या. अट अशी: चार समान त्रिकोण करायचे, प्रत्येक त्रिकोणाची प्रत्येक बाजू म्हणजे एक अख्खी काडी. काडी मोडायची नाही, काडीवर काडी आडवी टाकायची नाही.

मुलं बाकावर काड्या मांडू लागतात. पाच काड्यांत दोन त्रिकोण होतात, सहावी उरते. मग 'काड्या कमी पडतात' अशी तक्रार येते. या तक्रारीला उत्तर देऊ नका, तिचा हिशोब करायला लावा. चार त्रिकोणांच्या बाजू किती? बारा. काड्या किती? सहा. म्हणजे प्रत्येक काडीला दोन-दोन त्रिकोणांत काम करावं लागणार. पण बाकावर आकृती मांडली की तिच्या कडेची काडी एकाच त्रिकोणाच्या वाट्याला येते. मग कड नसलेली मांडणी कुठे मिळेल? इथे थांबा. बराच वेळ शांतता राहील, राहू द्या. कोणीतरी तीन काड्या त्रिकोणात ठेवून उरलेल्या तीन वरच्या बाजूला एकत्र धरेल आणि चतुष्फलक उभा राहील.

काड्या हातात धरून ठेवायचा कंटाळा आला की मग वाटाणे बाहेर काढा. आधी काढले तर कोडं फुटतं. भिजलेल्या वाटाण्यात काडीचं टोक सहज रुततं, आणि वाटाणा सुकला की सांधा पक्का होतो. बालवाडीची कल्पना मांडणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या खेळण्यांतही वाटाणे आणि काड्या होत्या. आता बारा काड्या आणि आठ वाटाण्यांचा घन करायला सांगा. तो डुगडुगतो, चतुष्फलक मात्र घट्ट उभा असतो. घन घट्ट करायला काय करावं लागेल? प्रत्येक पृष्ठभागावर एक तिरपी काडी, एकूण सहा. पण टूथपिक तिथे आखूड पडते, म्हणून खराट्याच्या काड्या मापानं कापून घ्याव्या लागतात. विजेच्या उंच मनोऱ्यांना तिरप्या पट्ट्या का असतात, ते मुलं घरी जाताना वर बघून स्वतःच सांगतील.

पुढच्या तासाला याच आकृत्यांचे शिरोबिंदू, कडा आणि पृष्ठभाग मोजून तक्ता करा. चतुष्फलकाचे ४, ६, ४ आणि घनाचे ८, १२, ६. शिरोबिंदूंत पृष्ठभाग मिळवून कडा वजा केल्या की दर वेळी २ उरतात. सूत्र आधी सांगून पडताळा घ्यायला लावू नका. तक्ता मोठा होऊ द्या, ते दिसेल.

उतरंड हलवा

जमिनीवर खडूने तीन वर्तुळं काढा. पहिल्यात डब्यांची उतरंड रचा, मोठा खाली, लहान वर. उतरंड जशीच्या तशी तिसऱ्या वर्तुळात न्यायची. एका वेळी एकच डबा उचलायचा आणि लहान डब्यावर मोठा कधीही ठेवायचा नाही. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये हा खेळ 'हनोईचा मनोरा' या नावाने बाजारात आणला. आपल्या मुलांना मनोऱ्यापेक्षा उतरंड लवकर कळते.

तीन डब्यांपासून सुरुवात करा. एक जण डबे हलवेल, दुसरा खेपा मोजेल, मग अदलाबदल. तीन डब्यांना कमीत कमी ७ खेपा, चारांना १५. इथे बहुतेक शिक्षक घाई करतात आणि फळ्यावर २ चा घात लिहून मोकळे होतात. त्याऐवजी एक प्रश्न विचारा: 'सगळ्यात खालचा डबा उचलायच्या क्षणी बाकीचे डबे कुठे असतात?' ते सगळे मधल्या वर्तुळात उतरंड करून बसलेले असतात. म्हणजे आधी वरची उतरंड हलवली, मग मोठा डबा, मग वरची उतरंड पुन्हा हलवली. आधीच्या खेपांची दुप्पट आणि वर एक. १, ३, ७, १५ हे आकडे कुठून येतात ते आता मुलांच्या हातांना माहीत असतं. पाच डब्यांचे ३१ त्यांनी आधी सांगावेत आणि मग हलवून बघावेत. आधी अंदाज, मग पडताळा, हा क्रम मोडू नका.

आठवीच्या मुलांना पुढे ६४ चकत्यांपर्यंत नेता येतं. सेकंदाला एक खेप धरली तरी सुमारे ५८,५०० कोटी वर्षं लागतील. घातांक किती झपाट्याने वाढतात याचा इतका ठसठशीत अनुभव दुसरा नाही. मात्र एक काळजी घ्या. काशीच्या देवळात पुजारी ६४ सोन्याच्या चकत्या हलवत बसले आहेत, ही गोष्ट या खेळाबरोबर फ्रान्समध्ये रचली गेली. ती गोष्ट म्हणून जरूर सांगा, इतिहास म्हणून सांगू नका. आपल्याकडच्या खऱ्या गोष्टी काही कमी नाहीत. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये 'गणितकौमुदी'त जादूच्या चौकोनांवर अख्खं प्रकरण लिहिलं, आणि खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात बेरीज ३४ येणारा चार बाय चारचा चौकोन कोरलेला आहे. तो तिथे जाऊन पाहता येतो.

फरशीवरची बेडूकउडी

एका रांगेतल्या सात फरश्या घ्या. डावीकडच्या तीन फरश्यांवर तीन मुलं, उजवीकडच्या तीनवर तीन, मधली मोकळी. दोन्ही गटांची तोंडं मधल्या फरशीकडे. पुढची फरशी मोकळी असेल तर एक पाऊल पुढे जाता येतं, किंवा समोरच्या गटातल्या एकाला ओलांडून पलीकडच्या मोकळ्या फरशीवर उडी मारता येते. मागे फिरायचं नाही. दोन्ही गटांनी जागा बदलायच्या.

पहिल्या प्रयत्नात हमखास कोंडी होते. ती झाली की सगळ्यांना आहे तसं उभं ठेवून विचारा, 'नेमकं कुठल्या चालीला बिघडलं?' एकाच गटाची दोन मुलं भलत्या वेळी शेजारी आली की वाट बंद होते, हे त्यांना उभ्या उभ्या दिसतं. मग बाकावर परत जाऊन जोडीजोडीने झाकणं घेऊन खेळायचं. एकास एक असताना ३ चाली, दोनास दोन असताना ८, तीनास तीन असताना १५. चारास चार असताना किती? २४. उत्तर सापडणं हे अर्धंच काम. पुढचा प्रश्न: उड्या किती आणि पावलं किती? तीनच्या खेळात प्रत्येकाला समोरच्या तिघांना पार करायचं असतं, म्हणून उड्या तीन त्रिक नऊ, आणि पावलं सहा. सातवीतली मुलं इथून स्वतः न × न + २ × न पर्यंत पोहोचतात. त्यांच्यासाठी 'न' ही पहिल्यांदाच खरोखर उपयोगाची वस्तू होते, कारण तो फरशीवर उभ्या राहिलेल्या एका गटातल्या मुलांचा आकडा असतो.

जे होतच नाही असं कोडं

वर दिलेली कसोटी एका ठिकाणी अपुरी पडते, आणि मंडळातला सगळ्यात मोलाचा तास नेमका तिथेच घडतो.

जाड कागदावर चार बाय चारच्या सोळा चौकटी आखा. समोरासमोरचे, म्हणजे कर्णाच्या दोन टोकांचे, दोन कोपरे कापून टाका. उरल्या चौदा चौकटी. दोन चौकटी झाकतील अशा सात पट्ट्या द्या आणि पूर्ण पट झाकायला सांगा. पट्ट्या मोडायच्या नाहीत, एकमेकींवर चढवायच्या नाहीत.

आकडा तर जुळतो, सात दुणे चौदा. पण पट झाकला जात नाही. मुलं चिकाटीने बसतात, जोड्या बदलून बघतात. दहा मिनिटांनी कोणीतरी म्हणेल, 'हे होतच नाही.' या वाक्याची वाट बघा आणि ते आलं की विचारा, 'होत नाही, की अजून जमलं नाही?' पट्ट्या या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाहीत. हजार वेळा फसलं तरी हजार एकाव्या वेळी जमेल, ही शंका उरतेच. इथे हातांचं काम संपतं आणि सिद्धतेचं काम सुरू होतं.

तेही तुम्ही सांगू नका. फक्त एक बुद्धिबळाचा पट टेबलावर ठेवा, किंवा चौकटी आळीपाळीने रंगवायला सांगा. एक पट्टी नेहमी एक काळी आणि एक पांढरी चौकट झाकते. कापलेले दोन्ही कोपरे मात्र एकाच रंगाचे होते. उरल्या एका रंगाच्या आठ आणि दुसऱ्या रंगाच्या सहा. म्हणजे सात पट्ट्या कधीच बसणार नाहीत, कोणीही कितीही वर्षं मांडत राहिलं तरी. बारा वर्षांच्या मुलाला हे पटतं तेव्हा 'सिद्ध करा' या शब्दांचा अर्थ त्याला पहिल्यांदा कळलेला असतो. माझ्या मते वर्षभरात हा एकच तास नीट झाला तरी मंडळ चालवल्याचं सार्थक आहे.

चिठ्ठ्यांवरचा ६१७४

० ते ९ आकड्यांच्या चिठ्ठ्यांचे तीन-तीन संच प्रत्येक जोडीला द्या. कोणतेही चार आकडे घ्यायचे, सगळे सारखे नकोत. त्यांच्यापासून होणारी सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान संख्या चिठ्ठ्यांनी मांडायची आणि वजाबाकी करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२, मग ८५३२ – २३५८ = ६१७४. यापुढे ६१७४ च येत राहतो. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोहोचता.

हा शोध द. रा. कापरेकर यांचा, १९४९ मधला. ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. तुमच्यासारखेच शाळामास्तर होते, हे मुलांना आवर्जून सांगा.

इथे एक खड्डा आहे. २१११ घेतले तर पहिली वजाबाकी ०९९९ येते. मुलं पुढचं शून्य टाकून देतात, मग ९९९ – ९९९ = ० येतं आणि 'माझं आलंच नाही' म्हणून चिठ्ठ्या गोळा करतात. शून्याची चिठ्ठी जागेवर ठेवायचा नियम आधीच करा. आठवीतल्या मुलांना तीन आकडी संख्यांकडे वळवा. तिथे ४९५ येतो, आणि का येतो हे त्यांना स्वतः शोधता येतं. वजाबाकी नेहमी ९९ च्या पटीत असते, त्यामुळे तपासायला मोजक्याच संख्या उरतात.

अर्ध्या तासात होणारी आणखी काही कामं

- घनाच्या घड्या: सहा चौकटी जोडून घन होईल असे किती वेगवेगळे आराखडे? उत्तर ११. कापून, दुमडूनच तपासायचं.
- अर्ध्या पिळाची पट्टी: कागदी पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवा आणि मधोमध कापा. काय होईल ते कापण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं.
- बंद आणि उघडं पाकीट: आयत आणि त्याचे दोन्ही कर्ण म्हणजे बंद पाकीट, वर त्रिकोणी झाकण जोडलं की उघडं. पेन्सिल न उचलता, कोणतीही रेघ न गिरवता काढायचं. उघडं पाकीट जमतं, बंद जमत नाही. प्रत्येक कोपऱ्यात किती रेघा येतात ते मोजायला सांगा.

तुम्ही कधी बोलायचं?

शिक्षकांना सगळ्यात जड जातं ते गप्प बसणं. मूल अडलेलं दिसलं की आपला हात आपोआप पुढे जातो. तो मागे ठेवा, अगदी शब्दशः. मुलांच्या साहित्याला हात लावायचा नाही, असा स्वतःला नियम करा. बोलायचंच तर प्रश्न विचारा:

- 'हे कसं ठरवलंस?'
- 'एक डबा कमी केला तर जमतं का?'
- 'दुसऱ्या जोडीने वेगळं केलंय, दोन्ही बरोबर असू शकतील का?'

कोडं अर्धवट राहिलं तर राहू द्या. साहित्य घरी न्यायला द्या आणि पुढच्या तासाची सुरुवात तिथूनच करा. उत्तर सांगून तास 'पूर्ण' केला की मुलाच्या डोक्यात चाललेलं सगळं थांबतं.

नेहमी होणाऱ्या चुका

- *गुण बघून निवड करणं.* मंडळ सगळ्यांसाठी खुलं ठेवा. वर्गात मागे पडणारी मुलं हाताच्या कोड्यांत कितीदा पुढे असतात, हे डोळ्यांनी बघा.
- *वेळ लावून स्पर्धा घेणं.* पहिल्याने 'झालं!' म्हटलं की बाकीचे विचार सोडून देतात.
- *मुलग्यांनी साहित्य ताब्यात घेणं, मुलींनी वहीत लिहिणं.* मिश्र गटांत हे न सांगता होतं. हात कोणाचे आणि नोंद कोणाची, हे पाच मिनिटांनी बदला.
- *पुस्तकी शब्दांचा आग्रह.* मूल अहिराणीत, वऱ्हाडीत किंवा मालवणीत समजावत असेल तर समजावू द्या. 'शिरोबिंदू' नंतर येईल.
- *शिष्यवृत्तीचा सराव.* तो हवा असेल तर वेगळा तास घ्या. एकदा मंडळात प्रश्नसंच आला की मंडळ संपलं.

दृष्टिबाधित मूल वर्गात असेल तर उतरंड आणि वाटाण्यांच्या आकृत्या त्याला जशाच्या तशा चालतात. पटाच्या कोड्यासाठी काळ्या चौकटींवर पॉलिश पेपर चिकटवा, म्हणजे रंग बोटांना कळतो.

वेळ आणि परवानगी मागताना

'अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, खेळ कसले?' असं कोणी म्हटलं तर तुमच्या बाजूने कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम २९ उपक्रम, शोध आणि स्वतः करून बघणं यांतून शिकवण्याबद्दल स्पष्ट सांगतं, आणि मुलाला भीती व ताण यांपासून मोकळं ठेवण्याबद्दलही. कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं. 'एवढं साधं येत नाही?' असं चारचौघांत हिणवणं मंडळात तर नकोच, वर्गातही नको. नवीन शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, त्यातले एक-दोन मागून घ्या. साहित्यासाठी थोडे पैसे लागणार असतील तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडा. तिच्यात पालकच बहुसंख्य असतात. बैठकीत भाषण न करता सहा काड्यांचं कोडं त्यांच्यापुढे ठेवा.

पालकांनो, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: मंडळाने पुढच्या चाचणीत गुण वाढतील अशी हमी कोणी देऊ नये. घातांक, बैजिक राशी, घनाकृती हे धडे येतील तेव्हा तुमच्या मुलाच्या हातांनी ते आधी अनुभवलेले असतील, एवढं नक्की. मूल घरी येऊन वाट्यांची उतरंड मांडायला लागलं तर त्याला वाट्या द्या आणि उत्तर सांगू नका.

शिक्षकांनो, वर्षाचा आराखडा करत बसू नका. येत्या शनिवारचा एक तास मागून घ्या आणि टूथपिकचा एक डबा आणा. वाटाणे शुक्रवारी रात्रीच भिजत घाला, सकाळी घातलेले शनिवारच्या तासापर्यंत मऊ होत नाहीत.